मेणावरची जमीन

इटली युद्धात उतरली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बेंबळीच्या वाटेवरच्या एका गावी राहणाऱ्या इटालियन पाद्र्यांना पोलिसांनी कळवलं की ते आता शत्रूराष्ट्राचे नागरिक झाले आहेत आणि आठ दिवसांनी त्यांना छावणीत नेलं जाईल. जाण्याआधी त्यांच्या ताब्यातल्या मालमत्तेची यादी इंग्रजीत करून द्यायची होती. निजामाच्या मुलखात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, पण परदेशी माणसांचे कागद इंग्रज अधिकाऱ्यांकडे जाणार होते. उस्मानाबादेत इंग्रजी लिहून देऊन पोट भरणारे आम्ही तिघं होतो. मूळ कागद इटालियनमध्ये आहेत हे ऐकून एकानं हात वर केले. दुसऱ्याला पाद्र्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं. मी उरलो.

मला इटालियन येत नव्हतं. तसं मी पेशकारांना, म्हणजे अधिकाऱ्यापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनांना, सांगितलं. ते म्हणाले, "उन को इटाली आती है, तुम को अंग्रेज़ी आती है. बीच में मराठी डाल लो."

आणि काम खरोखर तसंच झालं.

त्याआधी चार वर्षं मी सोलापूरच्या एका दैनिकात इंग्रजी तारा मराठीत करत होतो. वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडून गावी आलो होतो. तारेत परक्या देशाचा एखादा हुद्दा किंवा एखादी संस्था आली की आमचे वृत्तसंपादक म्हणत, "आपल्याकडचा जवळचा शब्द घाला आणि पुढे चला. वाचक कोश घेऊन बसत नाही." चार वर्षांत जगातल्या किती हुद्देदारांना मी पाटील-कुलकर्णी करून टाकलं, ते मोजलेलं नाही. तक्रार कधी आली नाही. त्यामुळे ही पद्धत बरोबर आहे असा माझा समज झाला होता.

पाद्र्यांच्या गावाबाहेर पत्र्याच्या छपराचं लहानसं देऊळ होतं. गावातले सगळे त्याला पाद्र्याचं देऊळच म्हणत. शेजारी तीन खोल्यांचं घर, बाभळीच्या दोन खांबांमध्ये टांगलेली घंटा, एक विहीर आणि सहा एकर रान. पाद्री पन्नाशीचे, सडसडीत, बारा वर्षं त्याच गावात राहिलेले. मराठी त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती, गावातून घेतली होती.

"बसा," ते म्हणाले. "च्या घेता, का तुमालाबी चालत न्हाय?"

मी चहा घेतला. उंबऱ्यावर एक जमादार बसले होते. घरातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून त्यांची नेमणूक होती. त्यांनीही घेतला.

पहिला दिवस सोपा गेला. बाकडी, समया, पितळी पेले, औषधांचं कपाट, एक घोडं. या वस्तूंना इंग्रजीत नावं आहेत आणि ती मला ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनी कापडात बांधलेली एक जाड वही आणली आणि तिथून पुढे काम अडलं.

ही वही त्या गावात आलेल्या पहिल्या पाद्र्यांची होती. ते चाळीसेक वर्षांपूर्वी आले, तिथेच वारले आणि देवळामागे पुरले गेले. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खेड्याचे ते. आपल्या खेड्यातल्या देवळाचा कारभार जसा चाले तसाच त्यांनी इथे मांडला आणि त्याच जुन्या शब्दांत तो लिहून ठेवला. आताचे पाद्री शहरात वाढलेले. वही उघडून ते एकेका शब्दावर बोट ठेवत आणि थांबत.

"ह्ये माझ्या आज्याच्या तोंडचे शब्द हायेत," ते म्हणाले. "आमच्याकडंबी आता कोन बोलत न्हाय."

कामाची रीत अशी होती. ते इटालियन शब्द वाचत. त्याचा अर्थ मराठीत सांगत. मी इंग्रजी शब्द शोधून लिहीत असे आणि त्या इंग्रजीचा मराठी अर्थ त्यांना परत सांगत असे. तो मूळ शब्दाशी जुळला तर पुढे जायचं. तो जुळत नसे.

एका ठिकाणी लिहिलं होतं, 'दिरित्ती दि स्तोला'.

"स्तोला म्हंजे पाद्र्याच्या गळ्यातला पट्टा," ते म्हणाले. "पट्ट्याचे हक्क."

"पट्ट्याला हक्क कसले?"

"लग्न लावलं, मयताला माती दिली, की पाद्र्याला देत्यात ते."

"म्हणजे दक्षिणा."

त्यांनी बराच विचार केला. "दक्षिणा ज्यानंत्यानं मनानं द्यायची. ह्ये ठरल्यालं असतंय. न्हाय दिलं तर मागता येतंय."

"मग बलुतं."

"बलुतं साऱ्या गावाचं, सुगीला. ह्ये ज्याच्या घरी लगीन त्याचंच. लई जवळ, पन त्ये न्हाय."

'लई जवळ, पन त्ये न्हाय' हे वाक्य मला त्या आठवड्यात झोपेतही ऐकू येत असे. दुसरा शब्द 'फाब्रिचेरिया'. देवळाची डागडुजी आणि तेलवात बघणारे गावातले चार जण. पाद्री त्यांत नसतो. मी कमिटी लिहिलं. पाद्री म्हणाले, कमिटी कुणीतरी नेमतं, हे चौघं कुणी नेमलेले नसतात, बापाच्या जागी मुलगा येतो. मी ट्रस्टी लिहिलं. ते म्हणाले, ट्रस्टी कागदानं होतात, यांचा कागद नसतो. मी कागद खोडून दुसरा घेतला. तेवढ्यात उंबऱ्यावरून जमादार म्हणाले, "मुतवल्ली बोलो ना. हमारे दर्गे में ऐसेइच रहते."

पाद्री त्यांच्याकडे वळले. "त्येबी लई जवळ," ते म्हणाले.

तेव्हापासून जमादार कामात सामील झाले. आडनाव सोडून त्यांना कसलंच इंग्रजी लिहिता येत नव्हतं, पण दर्ग्याच्या व्यवस्थेतला बारीकसारीक हुद्दा त्यांना माहीत होता. मी तुळजापूरच्या देवीचे पाळीकर आणि अणदूरच्या खंडोबाचे गुरव पुढे करायचो, ते मुजावर पुढे करायचे. तीन देवळं एकमेकांना लावून बघण्यात दुपार निघून जाई आणि कागदावर एक शब्द पडे. तोही दुसऱ्या दिवशी खोडला जाई.

अडचण नुसत्या अर्थाची नव्हती. कचेरीनं दिलेल्या छापील यादीत हक्काच्या प्रकाराचा रकाना दोन बोटं रुंद होता. तळाशी सूचना होती: प्रत्येक नोंद एका ओळीत करावी, शेरे लिहू नयेत. ज्या गोष्टीला एक अख्खं पान लागलं असतं ती दोन बोटांत बसवायची होती. पहिल्या दिवशी मला या सूचनेचं काही वाटलं नाही. वर्तमानपत्रात मी मथळे त्याहून कमी जागेत बसवले होते.

पाचव्या दिवशी 'लिवेल्लो' आलं.

सहा एकरांपैकी विहिरीकडचे दोन एकर एका विधवा बाईंच्या वहिवाटीत होते. घंटा वाजवणाऱ्या त्याच. दिवसातून तीनदा दोर ओढायचा आणि संध्याकाळी दिवा लावायचा, हे काम त्या करत. सगळे त्यांना अक्का म्हणत; पाद्रीही. मूल नव्हतं. दोन एकरांत ज्वारी, विहिरीलगत थोडी मिरची आणि वांगी. त्यांच्याकडे त्या रानाशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

वहीत त्यांच्या सासऱ्यांच्या नावानं नोंद होती. पाद्र्यांनी ती वाचली आणि सांगितली. जमीन देवळाची. कसणारानं ती पिढ्यान्‌पिढ्या कसायची. त्याबद्दल दर वर्षी माघात, मेणबत्त्यांचा सण असतो त्या दिवशी, दोन शेर मेण देवळाला द्यायचं. मेण देत राहिलं तोवर जमीन कुणी काढून घ्यायची नाही. खाली वर्षावर्षाची मेणाची पोच होती. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. सासरे डोंगरातली मोहोळं काढत. ते गेल्यावर अक्का मेण विकत घेऊन देत होत्या.

"भाड्यानं दिली म्हणायची का?" मी विचारलं.

"भाडं म्हंजे आज हाय, उद्या न्हाय. ह्ये तसं न्हाय."

"मग विकली?"

"इकली तर मेन कशाला?"

"इनाम?"

"इनामाला मेन कोन मागतंय?"

अक्का दाराशी येऊन बसल्या होत्या. त्यांनी पाद्र्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"दादा, माझं रान ऱ्हातंय का, एवढंच सांगा."

मी म्हटलं, "तेच लिहितोय."

"लिवा," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

आम्ही तिघं बोलू लागलो. प्रश्न आता शब्द कोणता हा राहिला नव्हता, कोणत्या शब्दानं जमीन वाचेल हा झाला होता. हा बदल कधी झाला ते माझ्या लक्षात आलं नाही. भाडेपट्टा लिहिलं तर पाद्र्यांच्या जागी येणारा अधिकारी उद्या पट्टा रद्द करू शकत होता. इनाम लिहिलं तर सनद मागणार, आणि सनद नव्हती. जमादार म्हणाले, "ये बाई घंटा बजाती ना? बत्ती लगाती ना? हमारे मुजावर को ऐसीच ज़मीन रहती. मशरूतुल खिदमत बोलते उसको. देवाची चाकरी, देवाची जमीन. साहूकार भी हाथ नहीं लगाता, सरकार भी नहीं."

ते खरं होतं. अणदूरला गुरवांची जमीन तशीच होती. चाकरीची जमीन विकता येत नव्हती, कर्जात जात नव्हती. माझ्या माहितीतल्या सगळ्या हक्कांत तो सर्वांत पक्का होता.

पाद्र्यांनी विचारलं, "त्यात अक्काचं रान ऱ्हातंय?"

"राहतं."

"पन घंटीचा आन रानाचा काय संबंध न्हाय. घंटी ती आपली आपन वाजवती. मेन यगळं."

"रकाना दोन बोटांचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. "लई जवळ," ते म्हणाले, आणि त्या दिवशी वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी म्हटला नाही. "लिव्हा."

मी लिहिलं: घंटा व दिवाबत्तीच्या चाकरीबद्दल दिलेली जमीन. इंग्रजीत ते सहा शब्दांत बसलं. पाद्र्यांनी सही केली, भाषांतरकार म्हणून मी केली. आम्ही तिघंही खूश होतो. तीन वेगळ्या धर्मांच्या माणसांचं एका शब्दावर एकमत झालं होतं, याचंही आम्हाला थोडं कौतुक वाटलं.

तीन दिवसांनी मोटार आली आणि पाद्री गेले. वही आत ठेवून देवळाला कुलूप लावलं, कुलपावर लाखेची मोहर केली. घंटेचा दोर जप्तीच्या वस्तूंत गेला. त्याची नोंदही माझ्याच यादीत होती.

दिवाळीनंतर अक्का उस्मानाबादेत माझ्या घरी आल्या. बरोबर जमादार होते. सरकारी कामानं आलो असं ते म्हणाले, पण त्यांच्या अंगावर सरकारी कपडे नव्हते. त्यांनी खिशातून उर्दू नोटीस काढून मला दिली. नोटीस छोटी होती. देऊळ बंद आहे, चाकरी होत नाही. चाकरीच्या अटीवर दिलेली जमीन चाकरी थांबल्यामुळे सरकारात जमा होते. रब्बीचं पीक काढून जमीन सोडावी. पुढे ती दरसाल लिलावानं कसायला दिली जाईल.

मी नोटीस दोनदा वाचली. तिच्यात चूक नव्हती. माझ्या यादीवरून दुसरं काही निघालंच नसतं.

"घंटा वाजवत न्हाय म्हनून रान काढून घ्यायलेत," अक्का म्हणाल्या. "कुलूप म्या लावलं का?"

जमादार भिंतीकडे बघत होते. "मैं बोला था," ते म्हणाले. "मुजावर की ज़मीन बोलके मैं बोला था. दर्गे को कभी ताला नहीं पड़ता, मेरे ध्यान में कैसा आता?"

चूक त्यांची नव्हती. सही माझी होती. मी अक्कांना सांगितलं की भाषांतर दुरुस्त करून देतो. ते आठवड्याचं काम आहे असं मला वाटलं.

पेशकारांनी सांगितलं, यादीवर पाद्र्यांची सही आहे, दुरुस्तीवरही त्यांचीच लागेल. मी म्हटलं, पाद्री छावणीत आहेत. ते म्हणाले, "वो तो हम कू भी मालूम है." मी वही मागितली. वही मोहरेच्या आत होती आणि मोहर तोडायचा हुकूम देणारं खातं हैदराबादेत होतं. तिकडे अर्ज केला. अर्ज परत आला. तो उर्दूऐवजी इंग्रजीत हवा होता. इंग्रजीत केला, तेव्हा तो उस्मानाबादमार्फत हवा होता. उस्मानाबादेत पेशकारांनी तो ठेवून घेतला आणि पुढचं मला कधी कळलं नाही.

मग छावणीला पत्र लिहिलं. नोंदीचा अर्थ सविस्तर इंग्रजीत लिहून सहीनं पाठवावा, एवढंच त्यात होतं. उत्तर यायला पौष उजाडला. पाद्र्यांनी कुणाकडून तरी चांगलं इंग्रजी लिहून घेतलं होतं. पत्र दीड पानाचं, मुद्देसूद, खाली सही. पण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला प्रत्येक शब्द छावणीच्या तपासनिसानं काळ्या शाईनं झाकला होता. पत्र असं वाचावं लागत होतं: सदर जमीन, मग काळा पट्टा, या प्रकारची असून ती, मग काळा पट्टा, या प्रकारची नाही. कागद उजेडात धरून पाहिला. पाण्यानं शाई सुटते का तेही एका कोपऱ्यावर पाहिलं. तपासनिसानं आपलं काम नीट केलं होतं.

पत्र मी पेशकारांना दाखवलं. ते म्हणाले, "इस में तो कुछ लिखाइच नहीं."

 सोलापूरला जाऊन माझ्या जुन्या कचेरीतल्या कोशांची पानं उलटली. लिवेल्लो कुठेच नव्हतं. एका वकिलांकडे इंग्रजी कायद्याचा जाडजूड कोश होता, त्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक शब्द सापडला: एम्फिट्यूसिस. अर्थ तंतोतंत तोच. कायमची वंशपरंपरागत कसणूक, धन्याला वर्षाचं ठरावीक देणं, देणं चालू तोवर कसणाराला काढता येत नाही. आठ महिने जो शब्द हवा होता तो इंग्रजांच्या कोशात होता आणि तो मूळचा ग्रीक होता. वकील म्हणाले, "बाबा रे, हा शब्द तुमच्या तहसीलदारापुढे उच्चारून तरी दाखव."

मी नवीन भाषांतर तयार केलं. शब्द, त्याचा अर्थ, मेणाच्या पोचेची हकिकत, आणि पहिल्या भाषांतरात काय चुकलं त्याचं निवेदन. चार पानं झाली. माझ्या हातून आजवर झालेलं ते सर्वांत बिनचूक लिखाण होतं.

अक्कांच्या हरकतीवर सुनावणी माघात झाली. तहसीलदार उर्दू बोलणारे, शांत, ऐकून घेणारे गृहस्थ होते. त्यांना जमीन हडपायची नव्हती. समोर जे कागद आहेत त्यांवरून निकाल द्यायचा होता, इतकंच. पेशकारांनी माझं जुनं भाषांतर आणि नवं भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं.

तहसीलदारांनी मला विचारलं, "दोन्हींवर तुमचीच सही आहे?"

"होय."

"यातलं खरं कोणतं?"

"दुसरं."

"म्हणजे पहिलं खोटं?"

"खोटं नाही. चुकलेलं."

"तुम्ही इटालियन जाणता?"

"नाही."

"मग पहिलं चुकलं हे तुम्हाला कशावरून कळलं?"

मी सांगू लागलो. पाद्र्यांनी मेण वेगळं आणि घंटा वेगळी हे तेव्हाच सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही. कारण रकाना लहान होता आणि चाकरीची जमीन जास्त सुरक्षित वाटली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी जितकं खरं सांगतोय तितकं दुसऱ्या भाषांतराचं वजन कमी होतंय. बाईंच्या सोयीसाठी एकदा शब्द बदलणारा माणूस दुसऱ्यांदाही बदलील. तहसीलदारांनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी मान हलवली आणि चार पानं न वाचता मिसलीत लावायला सांगितली. मिसलीत, म्हणजे फायलीत, ती आजही असतील.

मग ते अक्कांकडे वळले. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

अक्का उभ्या राहिल्या. "माझा सासरा म्हनायचा, आपन मिराशी हाओत. मेन देऊन मिरास घेतलिया. एवढंच मला ठावं."

 मिरास म्हणजे काय ते आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोरालाही सांगावं लागत नाही. धन्याचं ठरलेलं द्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या हक्कानं कसायचं. हक्क नसलेला उपरी कसणारा काढता येतो, मिराशी काढता येत नाही. आम्ही तिघं चार दिवस देवी, खंडोबा आणि दर्गा यांचे हुद्दे चाळत बसलो होतो. कागद देवळाचा, म्हणून उत्तरही देवळातच असणार असं धरून चाललो होतो. शेताकडे कुणी पाहिलंच नाही.

तहसीलदार म्हणाले, "हे तुम्ही यादी करताना का सांगितलं नाही?"

"मला कुनी इचारलं न्हाय," अक्का म्हणाल्या. "ही तिघं आपसातच बोलत हुती. शानी मानसं, म्हनलं बोलू द्या."

पेशकार हसले. जमादार दाराशी उभे होते, ते हसले नाहीत.

तहसीलदारांनी विचारलं, मिराशीचा काही कागद? कागद नव्हता. जो होता तो इटालियनमध्ये आणि मोहरेच्या आत होता. सासऱ्यांचं बोलणं पुरावा होत नव्हतं. पाद्र्यांच्या सहीचं पहिलं भाषांतर कायम राहिलं. जमीन सरकारात जमा झाली. बाहेर आल्यावर तहसीलदारांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. 

लिलाव चैत्रात गावच्या चावडीपुढे झाला. कचेरीतला एक कारकून आला होता. दवंडी आधीच पिटली होती, त्यामुळे शंभरेक माणसं जमली होती. दोन एकर, बारमाही विहीर. त्या भागात असं रान सहसा लिलावाला निघत नाही. मी कशाला गेलो होतो ते मला सांगता यायचं नाही. माझं तिथे काही काम नव्हतं.

कारकुनानं सरकारी बोली पुकारली आणि गावाकडे बघितलं. गाव त्याच्याकडे बघत राहिला.

"बोला," कारकून म्हणाला.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळायला घेतली.

"अरे, विहिरीचं रान आहे. कुणालाच नको?"

"हाय तीच झेपंना, सायेब," कुणीतरी मागून म्हणालं.

"पाटील, तुम्ही?"

"मला त्या हिरीचं पानी सोसत न्हाय," पाटील म्हणाले. "पोटात वात धरतोय."

हशा झाला. कारकुनानं दुसऱ्यांदा पुकारलं. एक तरुण शेतकरी उभा राहिला. सगळ्यांनी माना वळवल्या. तो धोतर झटकून पुन्हा बसला. "मुंग्या हायेत हितं," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर अक्का पुढे आल्या आणि त्यांनी सरकारी बोलीच म्हटली. त्यावर बोली चढली नाही. कारकुनानं कपाळाला हात लावला, कागद भरला आणि त्यांचा अंगठा घेतला. एका सालासाठी रान त्यांना मिळालं.

माणसं पांगली. हे गावानं आधी ठरवलं होतं की कसं, मी पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "ठरवायचं काय त्यात?"

अक्का पदरानं अंगठ्याची शाई पुसत माझ्यापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"औंदा झालं, दादा," त्या म्हणाल्या. "म्होरल्या साली?"

"पुढच्या साली पुन्हा लिलाव."

"आन त्याच्या म्होरं?"

"दरसाल."

"गावानं दरसाल गप बसायचं?"

मी कागद गुंडाळणाऱ्या कारकुनाकडे बघितलं.

"बाहेरचा कुनी आला तर?"

"तर बोली चढेल."

त्यांनी थोडा विचार केला. "सासऱ्याला एकदाच दिली हुती," त्या म्हणाल्या. मग मोट सुरू करायला गडी थांबलाय, वांगी वाळायलीत, असं सांगून त्या विहिरीकडे निघून गेल्या.